सूप आणि मूर्ती

भाद्रपद जवळ आला की पनवेल-रोहा लोहमार्गावरच्या गाडीत दोन प्रकारची ओझी दिसू लागतात. पेण स्टेशनात एखादा माणूस कापडात गुंडाळलेली गणपतीची मूर्ती छातीशी धरून डब्यात चढतो. मूर्तीला धक्का लागू नये म्हणून बसलेले लोक आपण होऊन सरकतात, त्याला जागा देतात. त्याच डब्याच्या दाराशी सुपांची चळत सुतळीने बांधून एखादी बाई उभी असते. तिला मात्र 'ए बाई, ते बाजूला घे' असे ऐकावे लागते. मूर्ती हाताने घडविलेली, सूपही हाताने विणलेले. दोन्ही वस्तू एकाच सणासाठी निघालेल्या आहेत. तरी एकीला जागा मिळते आणि दुसरीला अडगळ म्हटले जाते.

त्या दाराशी उभ्या राहणाऱ्या बाईचा मी मुलगा आहे. रोहा तालुक्यातल्या एका खेड्यातले आमचे बुरुडाचे घर. पदवीपर्यंत पोचलेला त्या घरातला पहिला माणूस मी. आज मी महाविद्यालयात शिकवितो. सणाच्या बाजारात आणि अलीकडे जागोजाग भरणाऱ्या सणानिमित्तच्या प्रदर्शनांत हाताने वस्तू करणारा माणूस नेमका कुठे उभा असतो, त्याला काय मिळते आणि काय मिळत नाही, हे समजावून सांगावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम सुपाविषयी. शहरातल्या वाचकाला सूप म्हणजे धान्य पाखडण्याचे साधन एवढेच ठाऊक असते. पाखडण्याचे काम आता गिरणीने आणि पिशवीबंद तांदळाने कमी केले आहे. तरी आमच्या भागात सूप टिकून आहे ते गौरीच्या ओवशामुळे. गौर घरी आली की सुना सुपे घेऊन ओवसा भरतात. सुपांत पाने, फळे, सुका मेवा मांडायचा, ती सुपे गौरीपुढे ओवाळायची आणि मग घरातल्या वडीलधाऱ्यांना द्यायची, असा हा विधी. पाच सुपे लागतात, कुठे त्याहून अधिक. गौर 'पूर्वा'त आली की नव्या सुनेचा पहिला ओवसा, असा पुष्कळ घरांत रिवाज आहे. म्हणून ज्या वर्षी पूर्वा येते त्या वर्षी सुपांना मागणी वाढते आणि नाही त्या वर्षी ती घटते. माझी आई पंचांग वाचू शकत नाही; पण यंदा पूर्वा आहे की नाही हे तिला आषाढातच ठाऊक असते. तिच्या वर्षभराच्या मिळकतीचा मोठा भाग त्यावर ठरतो.

आजी सांगायची की तिच्या वेळी सुपाचे पैसे क्वचितच मिळत. खळ्यावर जायचे आणि वस्तू देऊन भात आणायचे. सूप गौरीपुढे, थेट देवघरात जाई. सूप विणणारी मात्र अंगणात उभी राही आणि तिच्या पदरात भात वरून टाकले जाई. ज्या हातांनी केलेली वस्तू देवाला चालते ते हात देवाला का चालत नाहीत, हा प्रश्न आजीने कधी कोणाला विचारला नाही. मी तो पुढे महाविद्यालयात गेल्यावर विचारला, तोही प्रथम स्वतःलाच.

आता मूर्तीविषयी. पेणचे पोहे आणि पापड प्रसिद्ध आहेत. पण पेणचे नाव महाराष्ट्रभर आणि बाहेर गेले ते गणपतीमुळे. पेणच्या मूर्तिकलेचा इतिहास सांगताना देवधर घराण्याचे नाव आवर्जून घेतले जाते. पुढे हा धंदा पेण शहराबाहेर हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत पसरला. आज तिथे घरोघर कारखाने आहेत आणि तिथल्या मूर्ती परदेशांतल्या मराठी कुटुंबांपर्यंत जातात. एका सणाच्या दहा-अकरा दिवसांसाठी इथे जवळजवळ वर्षभर काम चालते. एक विसर्जन झाले की पुढच्या वर्षीच्या कामाची जुळवाजुळव सुरू होते.

मूर्ती कशी होते ते पाहिले म्हणजे या धंद्यातली उतरंड कळते. मुख्य शिल्पकार मातीत मूळ नमुना घडवितो. त्यावरून रबराचा साचा निघतो. साच्यात प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओतून, मजबुतीसाठी काथ्या घालून मूर्ती काढतात. शाडूची मूर्ती असेल तर माती साच्यात दाबून भरतात; ती वाळायला वेळ घेते, वजनाला जड आणि हाताळायला नाजूक. पुढे सांधे बुजविणे, कागदाने घासणे, पांढरा हात देणे, अंगाचा रंग, सोवळे, शेला, दागिने अशी कामे एकामागून एक होतात. शेवटी डोळ्यांची आखणी. बारीक कुंचल्याने बुबुळ आणि पापणीची रेघ ओढायची. हात हलला तर आधीच्या सगळ्यांचे काम वाया. पेणच्या मूर्तीचे जे कौतुक होते त्यात आखणीचा वाटा मोठा आहे.

यातले प्रत्येक काम वेगळा माणूस करतो. कोणी रोजावर, कोणी नगावर. आसपासच्या गावांतले आणि वाड्यांवरचे तरुण, बायका या कामाला येतात. कारखानदार कर्ज काढून आणि व्यापाऱ्यांची आगाऊ रक्कम घेऊन माल उभा करतो. पुष्कळ माल न रंगविता 'कच्चा' म्हणूनच मुंबई-पुण्याकडे जातो, तिथे रंगतो आणि तिथल्या मांडवात विकला जातो. त्या मांडवावर पाटी असते : 'पेणच्या सुबक मूर्ती'. म्हणजे गावाचे नाव विकले जाते, मांडववाल्याचा फलक वर असतो, कारखानदाराचे नाव जाणकारांना ठाऊक असते. आखणी करणाऱ्याचे नाव कुठेच नसते.

कारखानदार सुखात आहे असे मी म्हणत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि त्याच वर्षी साथीमुळे शासनाने सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची व घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा घातली. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविरुद्ध सुधारित सूचना काढल्या. पुढे ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास मुभा दिली. नैसर्गिक पाण्यात त्यांच्या विसर्जनाला मात्र आडकाठी ठेवली. नदी-समुद्राच्या दृष्टीने या चर्चेची गरज होती. पण मधल्या पाच वर्षांत कारखानदाराची बाजू मांडायला संघटना उभ्या राहिल्या. नगावर घासकाम करणाऱ्या बाईची बाजू कोणी मांडली नाही. काम थांबले की तिची मजुरी त्याच दिवशी थांबते.

माझा एक विद्यार्थी पेण तालुक्यातल्या बौद्ध कुटुंबातला होता. सुट्टीत तो आखणीच्या कामाला जाई. एकदा तो वर्गानंतर थांबला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सर, मी गणपतीचे डोळे आखतो. घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत. माझं चुकतंय का?"

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या त्या प्रतिज्ञांत गौरी-गणपतीला देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा आहे, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. मी त्याला विचारले, "तू कारखान्यात पूजा करतोस का?" तो नाही म्हणाला. "मग मजुरी किती मिळते?" त्याने आकडा सांगितला. "आणि तू डोळे आखलेली मूर्ती बाजारात कितीला जाते?" यावर तो गप्प झाला. त्याला ते माहीत नव्हते. तीन हंगाम काम करून माहीत नव्हते. त्याच्या अस्वस्थतेला मी कमी लेखत नाही. श्रद्धेविषयी इतका प्रामाणिक प्रश्न वर्गात फारसा कोणी विचारीत नाही. पण आपल्या हातच्या कामाची किंमत आपल्यालाच ठाऊक नसणे, हा प्रश्नही तितकाच गंभीर आहे असे मी त्याला म्हणालो. आजही माझे मत तेच आहे.

आता सुपाचा हिशेब मांडू. समजण्यापुरते सोपे आकडे घेतो. समजा, एक बांबू १०० रुपयांना पडला आणि त्यातून चार सुपे निघाली. म्हणजे एका सुपाला बांबू २५ रुपयांचा. बांबू चिरणे, पाती काढणे, तासणे, विणणे, काठ बांधणे, सगळे मिळून सुपाला दोन तास. बाजारात भाव सांगितला १०० आणि घासाघीस होऊन सूप गेले ८० रुपयांना. येण्याजाण्याचे आणि बाजारात बसण्याचे पाच रुपये काढा. हाती राहिले ५० रुपये, म्हणजे तासाला २५. आठ तास मान मोडून काम केले तर दिवसाला २०० रुपये. यात पाती लागून कापलेल्या बोटांचा हिशेब नाही, न विकलेल्या सुपांचाही नाही. हे सूप कोणी आईकडून ८० रुपयांना घेऊन त्यावर रंगाने चित्र काढले आणि शहरातल्या प्रदर्शनात भिंतीवर टांगायची वस्तू म्हणून ४०० रुपयांना विकले, तर मधले ३२० रुपये रंगाला, गाळ्याच्या भाड्याला आणि विकणाऱ्याला जातात. आईच्या वाट्याला तेच ८० येतात.

बांबूची कथाही लक्षात घेतली पाहिजे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना वृक्षात होती. त्यामुळे खाजगी रानातला बांबू तोडून वाहून नेतानाही परवान्याचा ससेमिरा मागे लागे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले आणि २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू वृक्षाच्या व्याख्येतून निघाला. बांबू शास्त्राने गवत आहे हे बुरुडाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. कायद्याला ते कळायला नव्वद वर्षे लागली. तोवर आमच्यासारख्या किती घरांनी कोयता खाली ठेवला होता!

असे असताना मूर्ती ही कला आणि सूप हे जातीचे काम, ही वाटणी कशी झाली? कौशल्याने झाली असे म्हणता येत नाही. सूप विणताना पाती एकसारखी पातळ निघाली नाही तर धान्य निसटते. ती नजर यायला वर्षे लागतात. माझ्या समजुतीप्रमाणे ही वाटणी दोन गोष्टींनी झाली. मूर्तीच्या धंद्यात भांडवल आले, शिकलेला माणूस आला, त्याने आपल्या कामाला नाव दिले. सुपाच्या धंद्याला नाव आधीच होते, ते जातीचे होते. बुरूड हे माणसाचे नाव आणि तेच धंद्याचे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ते आजही आहे. १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी जो मुद्दा मांडला तो इथे आठवतो. माणसाचा कल आणि कुवत न पाहता जन्मावरून त्याला काम नेमून द्यायचे आणि ते बदलू द्यायचे नाही, ही व्यवस्था आर्थिक दृष्टीनेही घातक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अशा कामात माणसाचे मन राहत नाही. माझ्या वडिलांना हे भाषण माहीत नव्हते, पण ते मला म्हणत, "तू कोयत्याला हात लावू नको. तुझ्या हाताला वास लागू नये." ओल्या बांबूचा वास. महाविद्यालयात असताना मी वसतिगृहात जाण्यापूर्वी हात धूत असे. धंदा विचारला की 'शेती' सांगत असे. आमच्याकडे गुंठाभर जमीन नव्हती.

म्हणून काही वर्षांपूर्वी एका शहरातून दिवाळीच्या प्रदर्शनासाठी आईला बोलावणे आले तेव्हा मला आनंद झाला. आता या कामाला कला म्हणतील, आईला कलाकार म्हणतील, असे वाटले. तिथे तिला प्रवेशद्वाराशी चटईवर बसविले. चार दिवस तिने लोकांसमोर सुपे आणि परड्या विणायच्या. लोक थांबत, छायाचित्रे काढीत, "मावशी, इकडे बघा" म्हणत. ती विणील ते आतल्या गाळ्यावर जाई आणि तिथे आयोजकांच्या नावाची चिठ्ठी लावून विकले जाई. आईला रोज मिळाला, जेवण मिळाले, एक शाल मिळाली. परत येताना ती गाडीत म्हणाली, "चांगली माणसं होती. पण मला एक सांग, मी तिथं विकायला गेले होते की मला बघायला लोक आले होते?"

तिच्या त्या प्रश्नाने मी विचार करू लागलो. जुन्या बाजारात तिचा भाव कमी होता, पण भाव सांगणारी ती होती. प्रदर्शनात तिचा मान वाढला आणि भाव सांगण्याचा अधिकार गेला. प्रदर्शन कोणासाठी आहे हे ओळखायचे असेल तर तीन प्रश्न विचारावेत असे मी आता विद्यार्थ्यांना सांगतो. भाव कोण ठरवितो? पैसे कोणाच्या हातात पडतात? वस्तूवर नाव कोणाचे आहे? या तिन्हींचे उत्तर 'करणारा' असे असेल तर ते प्रदर्शन कारागिराचे. नाही तर तो फक्त उजेडातला दलाल.

पुढच्या वर्षी आम्ही काही शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी मिळून रोह्यात दिवाळीपूर्वी दोन दिवसांचे लहान प्रदर्शन भरविले. एका सभागृहात बारा टेबले. बुरूडकाम, मातीच्या पणत्या, कंदील, गोधड्या, आणि त्या आखणी करणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतः रंगविलेली लहान बुद्धमूर्ती. गाळाभाडे नाही, कमिशन नाही. प्रत्येक टेबलावर करणाऱ्याच्या नावाची पाटी. आदल्या दिवशी प्रत्येकाशी बसून हिशेब केला : कच्चा माल किती, तास किती, तासाचे किती धरायचे. आई सुपाला दीडशे रुपये सांगायला तयार होईना. "एवढं कशाला मागायचं रे? लोक काय म्हणतील?" मी चिठ्ठीवर दीडशे लिहिले. पहिल्या दिवशी एका बाईंनी विचारले, "मावशी, शंभरला देता का?" आईने माझ्याकडे पाहिले, मग चिठ्ठीकडे पाहिले आणि म्हणाली, "नाही ताई, दोन तास लागतात." एवढेच. त्या बाई निघून गेल्या. दुसरीने घेतले. संध्याकाळी निम्मी सुपे उरली होती. ती परत आणावी लागली हेही सांगितले पाहिजे. योग्य भाव लावला की सगळा माल जातोच, असे खोटे आश्वासन मी देणार नाही.

आपल्या भोवतीची मोठी उदाहरणेही हेच सांगतात. वारली चित्रे पूर्वी लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर निघत आणि काढणाऱ्यांची नावे कोणी विचारीत नसे. जिव्या सोमा म्हसे यांचे नाव पुढे आले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातील चार-चार जिल्ह्यांसाठी हे मानांकन मिळाले. तरीही जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीने तशाच धाटणीच्या चपला दाखविल्या तेव्हा कोल्हापूरचे नाव घेतले नव्हते. ओरड झाली आणि मग कंपनीने ऋण मान्य केले. ओरड होऊ शकली याचे कारण कागदावर नाव नोंदलेले होते. मात्र हे मानांकन गावाचे आणि उत्पादकांच्या गटाचे असते. एकेका कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. ती नोंद चर्मकार वस्तीत जाऊन कोण करून देणार?

शासनाच्या योजनांचेही तसेच आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत मूर्तिकार आहे, टोपल्या-चटया विणणारा आहे, चर्मकार आणि कुंभारही आहे. हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाख असे कर्ज मिळू शकते. पण अट अशी की माणूस स्वतःचा धंदा करणारा असावा. माझी आई त्यात बसते. दुसऱ्याच्या कारखान्यात नगावर आखणी करणारा बसत नाही, आणि हमरापुरापासून पेणपर्यंत कौशल्य ज्यांच्या हातात आहे त्यांतले पुष्कळ लोक असेच आहेत. महिला बचत गटांसाठी मुंबईत भरणारे 'महालक्ष्मी सरस' हे प्रदर्शन मला बरे वाटते, कारण तिथे गटाची बाई स्वतः गाळ्यावर बसते, स्वतः भाव सांगते.

माझे काही कार्यकर्ते मित्र यावर आक्षेप घेतात. ते म्हणतात, बाबासाहेबांनी जातीचे धंदे सोडायला सांगितले आणि तुम्ही त्यांची प्रदर्शने भरविता! याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले. लादलेली हलकी कामे आणि लाचारी टाकून देण्याचा निर्धारही त्याच चळवळीतून आला. हा आक्षेप मला मान्य आहे. माझ्या मुलीने बुरूडकाम करावे असे मला वाटत नाही. तिला वाटले तर तिने ते शिकावे, जसे दुसऱ्या कोणाच्या मुलीने शिकावे. धंदा सोडण्याचा हक्क आधी. पण साठीच्या घरातल्या माझ्या आईला दुसरा धंदा कोण देणार आहे? जी तो करीत आहे तिला भाव आणि नाव मिळणे, आणि तिच्या मुलांना तो सोडता येणे, या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात नाहीत. केवळ पहिली केली तर जात रंगवून टांगल्यासारखे होईल. केवळ दुसरी केली तर आज विणणाऱ्या हातांना आपण वाऱ्यावर सोडू.

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना करता येण्यासारखे काम मोठे नाही. आपल्या गावातल्या एका कारागिराजवळ बसून वस्तूचा हिशेब वहीत मांडावा. त्याची नोंदणी राहिली असेल तर करून द्यावी. प्रदर्शनाचे बोलावणे आले तर वर सांगितलेले तीन प्रश्न विचारल्याशिवाय होकार देऊ देऊ नये. आणि कारखान्यात काम करणाऱ्या विद्यार्थ्याने मूर्ती कितीला जाते हे एकदा तरी विचारावे. माझा तो विद्यार्थी पुढच्या हंगामात विचारून आला. मालकाने सांगितले, रागावले नाहीत. आखणीचा दर नगामागे थोडा वाढला. थोडाच.

आईच्या नावाची ती पाटी मी जपून ठेवली होती. यंदा गौरीच्या आधी ती मला म्हणाली, "ती पाटी दे, बाजारात न्यायची आहे." रोह्याच्या बाजारात रस्त्याच्या कडेला गोणपाटावर सुपांची चळत आणि तिच्यापुढे दगडाला टेकवून ठेवलेली पुठ्ठ्याची पाटी. पाटीवर तिचे नाव आणि खाली भाव. तिला ती वाचता येत नाही. कोणी कमी भावाने मागितले की ती पाटीकडे बोट दाखविते.